दोनशे बारा फोटोंचे पत्ते

पेंगहू,
३ नोव्हेंबर, दुपार

आ-सान,

तुला वहिनीचे आशीर्वाद. तू, तुझी बायको आणि दोन्ही मुली बऱ्या असाल असं धरून चालते. तीन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, म्हणून पाकीट पाहून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही. जो जायचा तो मे महिन्यातच गेला.

गेल्या मंगळवारी सकाळची गोष्ट. उंबऱ्यातली वाळू झाडून झाली होती, बारीक मासे चटयांवर पसरून झाले होते, आणि दगडी कुंपणाआडच्या मांडवावरून मी शेवटचे दोडके काढत होते. वारा सुरू झालाय, आता वेल टिकायचा नाही. देवीपुढे चहा ठेवला, तुझ्या दादाच्या फोटोपुढे दुसरा. त्याला म्हटलं, ‘आज तुझं पुस्तक छापायला देऊन येते. आता सारखं विचारू नकोस, कधी येणार म्हणून.’ मग पेनड्राइव्ह रुमालात बांधला आणि आठच्या बोटीने मागोंगला, शहरात गेले.

पुस्तक कुठलं ते तुला सांगायला नको. आपल्या बेटाभोवतीचे माशांचे दगडी बांध. कुठला कुणाच्या आज्याने रचला, ओहोटीला आत अडकलेले मासे धरायची पाळी कुठल्या दिवशी कुठल्या घराची. बारा वर्षं तुझा दादा लिहीत होता. फोटो तू काढलेस.

छापखान्यात सिऊ-मान म्हणून एक बाई आहे. बोलायला बरी. तिने फाइल उघडली. अक्षरं सगळी होती. फोटोंच्या जागी राखाडी चौकोन, कोपऱ्यात लाल खूण. पान उलटलं, चौकोन. आणखी उलटलं, चौकोनच.

‘आजी, फोटो कुठायत?’

‘त्यातच आहेत. नीट बघ की.’

‘यात नाहीत.’

‘अगं, बारा वर्षं मी ते पडद्यावर पाहिलेत! तुझं यंत्रच आंधळं असेल.’

‘यंत्र ठणठणीत आहे. फोटो पुस्तकात नव्हतेच कधी, आजी. कुठला फोटो कुठे राहतो, एवढंच पुस्तक लिहून ठेवतं. पाकिटावर पत्ता असतो ना, तसं. तुम्ही पत्ते तेवढे उचलून आणलेत. घर मागे राहिलं.’

‘मग सांग की, घर कुठे आहे?’

‘संगणकाच्या बाहेर. वायरने जोडायची डिस्क असते, तळहाताएवढी डबी. आजोबांकडे होती का?’

मी ‘होती’ म्हटलं आणि खाली बसले. खुर्चीवर बसलेय असं मला वाटलं. ती म्हणाली, ‘आजी, उठा, ते छापायचे कागद आहेत.’ मला उठताच येईना. तिने पाणी आणून दिलं, तर ग्लास कुठल्या हातात धरायचा ते कळेना.

इकडचं बाकी बरं आहे. सप्टेंबरच्या वादळात उत्तरेचा मोठा बांध बसला. तू गुडघाभर पाण्यात उभा राहून ज्याचे फोटो काढलेस आणि चप्पल वाहून गेली, तोच. पलीकडचे दोन त्याआधीच गेले. तू टिपलेल्या बांधांपैकी निम्मे आता दगडांचे ढीग आहेत. नव्याने रचणारं कुणी राहिलं नाही, म्हणजे नव्याने फोटो काढायलाही काही राहिलं नाही.

आता ते लिहिते. चार दिवस टाळतेय.

मे महिन्यात तू आलास. सगळ्यांच्या मागे उभा राहिलास. शवपेटी बंद करायच्या आधी मी तुझ्या दादाच्या खिशात हात घातला, तेव्हा तू विचारलंस, ‘वहिनी, काय ठेवलंस?’ मी म्हटलं, ‘चष्मा.’ त्यानंतर तू जेवायलाही न थांबता संध्याकाळच्या बोटीने गेलास.

चष्मा कपाटात आहे, आ-सान. मी डबी ठेवली. ती काळी डबी. तो ती खिशात घेऊन हिंडायचा, बांधावर जाताना प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळायचा. मी चिडवायची, ‘मला कधी एवढं जपलंस का?’ म्हणायचा, ‘तू भिजलीस तर वाळतेस.’ मला वाटलं, त्याचा जीव तिच्यात आहे, तर जाऊ दे त्याच्याबरोबर. लोक सिगारेटी ठेवतात, खेळायचे पत्ते ठेवतात. पेटीवाल्याने बजावलं होतं, धातूचं, विजेचं काही आत घालू नका. म्हणून मोज्यात गुंडाळून खिशात लपवली आणि तुझ्याशी खोटं बोलले. पुस्तक संगणकात आहे, त्याला काय होतंय, अशी माझी खात्री होती. दुपारी भट्टीचं दार लागलं. फोटो त्याच्याबरोबर गेले. मी माझ्या हाताने घातले.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. सिऊ-मानलाही ‘हरवली’ म्हटलं.

तिने तरी एक काम केलं. न सापडणाऱ्या फोटोंची यादी उघडून दिली. दोनशे बारा ओळी. मी शाळेत गेले नाही हे तुला ठाऊक आहे. या घरात आले तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. तू झोपलास की तुझी वही घेऊन मी अक्षरं गिरवायची. अजूनही बोट ठेवून वाचते. तशी ती यादी वाचली. पहिल्या ओळीत पहिलं अक्षर: सान. मला वाटलं, सान म्हणजे डोंगर. पण आपल्या बेटावर डोंगर आहे कुठे? दुसरी ओळ, सान. तिसरी, सान. ‘सान, सदतीस, उत्तरेचा बांध, ओहोटी.’ शेवटच्या ओळीपर्यंत बोट नेलं.

‘हे सगळीकडे सान का गं?’

‘नाव आहे. फाइली ठेवणाऱ्याने दिलेलं. कोण हे सान?’

मी म्हटलं, ‘माझा दीर.’

तीन वर्षांपूर्वीचं तुम्हा दोघांचं ते भांडण मला पाठ आहे. मी रताळ्यांचं ताट घेऊन मध्येच उभी होते. तू म्हणालास, ‘दादा, पहिल्या पानावर माझंही नाव पाहिजे.’ तो म्हणाला, ‘बटण दाबलं की फोटो निघतो. बांध काय तू रचलास?’ आणि तू, ‘मग छाप नुसते शब्द! माझ्याकडचे सगळे आजच पुसून टाकतो!’ त्यानंतर त्याच्या तोंडून तुझं नाव मी ऐकलं नाही. तो ते असं लिहीत होता हे मला माहीत नव्हतं. त्याने तोंडाने का नाही म्हटलं, ते मला विचारू नकोस. माणूसच तसा होता.

तू रागाने म्हटल्याप्रमाणे खरंच पुसलेस का? तेवढंच विचारायला हे पत्र. पुसले असतील तर तसं लिही, मी तुला एक शब्द बोलणार नाही. जाळणारी मी आहे. पण उरले असतील, तर सोबतच्या वहीत दोनशे बारा नावं मी उतरवली आहेत, आणि प्रत्येकात काय दिसतं तेही, मला आठवतं तसं. नाव हुबेहूब तेच द्यायचं. एका अक्षराने चुकलं तरी पुस्तक फोटो ओळखत नाही. सिऊ-मान म्हणते, पुस्तक आणि फोटो एकाच टोपलीत ठेवायचे आणि न्यायचं तर टोपलीच न्यायची, म्हणजे ताटातूट होत नाही. इतकी साधी गोष्ट.

फोटो पाहिजेत म्हणून वहिनी गोड बोलतेय असं तुला वाटेल. वाटू दे.

चष्मा म्हणून खोटं सांगणारी,
तुझी वहिनी
सू-इन

४ नोव्हेंबर

काल पाकीट बंद केलं नव्हतं. आज सकाळी मी संगणक उघडला आणि पुस्तकाच्या पहिल्या पानावर तुझ्या दादाच्या नावाखाली, त्याच आकाराच्या अक्षरांत, तुझं नाव लिहिलं. मग मागोंगला जाऊन तशीच एक काळी डबी घेतली. सिऊ-मानने तिच्यात तुझ्या दादाने लिहिलेल्या त्याच नावाचं, ‘सान’ असं, एक फोल्डर करून दिलं. ते रिकामं आहे. आता तिच्याच टेबलावर डबी, वही आणि हे पत्र एकाच खोक्यात घालतेय; टपालात देऊन दुपारच्या बोटीने घरी जाईन.