देवकीच्या बाजूची जागा

३ एप्रिल १९७४
— अन् मले विचारलंही नाही! ईस्टर जवळ आला की चुन्याची बादली घेऊन आमचे हे निघाले कबरस्तानात. पहिल्या बायकोच्या कबरीले चुना. माझ्या सैंपाकघराच्या भिंती धुरानं काळ्या झाल्या, त्या दिसत नाहीत. माझं लग्न व्हायच्या आधीच देवकी गेली, तरी चुन्याचा पहिला हात तिचाच.
अन् तिच्या बाजूची जागा? मोकळी! दगड रचून राखून ठेवली आहे. कोणासाठी, ते काय मले कळत नाही?

५ एप्रिल
प्रभू येईल, कर्णा वाजेल, मेलेले उठतील — हे मी मानते. रोज वाट पाहते. भांडे घासताना कुठं वरातीचा बँड वाजला तरी हात थांबतो. पण उठल्यावर काय? हे देवकीचा हात धरून, प्रभू येणार त्या पूर्वेकडे पाहत उभे, अन् मी कुठंतरी कोपऱ्यात, अनोळखी लोकांत पदर झटकत! लेकरू तर मले झालं नाही. निदान नवरा तरी बाजूले उठावा.
नणंद बायजाबाई म्हणते, पहिलीचा मान पहिलीलेच राहते वं. तिले चहा दिला नाही.

७ एप्रिल, झावळ्यांचा रविवार
उपासनेहून येताना रिक्षात बोलून टाकलं. हे हसले. स्वर्गात लग्नबिग्न नसते म्हणे. नसते तर जागा काहून राखली? यांनी सीताबर्डीवर उतरून संत्री घेतली. त्याइले वाटते, संत्र्यानं माझं तोंड बंद होते.
गोड होती.

९ एप्रिल
आज जेवताना बोलले, मान खाली घालून.
"ती जागा तुझी आहे वं, जयवंता. मी पुढच्या रांगेत झोपतो."
मी म्हटलं, काहून?
"देवकी पोरगीच होती. बाळंतपणात गेली, भेत भेत. लेकरूही तिच्याच पेटीत ठेवलं. उठन तेव्हा कोणाले ओळखन? मी तर टकला म्हातारा. तू बाजूले असली की सांगशील — भेऊ नको, तो पाहा प्रभू."
म्हणजे मेल्यावरही मीच कामाले!
पोळी वाढली. नको म्हणत होते, तरी अजून एक वाढली.

११ एप्रिल
देवके, यंदा चुना मी लावते. शनिवारी सकाळी येते. धीर तुले मी देईन, त्याची काळजी करू नको. पण उठल्यावर लेकरू आधी माझ्या कडेवर देशील का? रविवारवर टाकू नको, तेवढ्यात प्रभू आलाच तर? शनिवारपर्यंत सांग.