आबांनी जिंकलेली टेस्ट

बी.डी.डी. चाळ, डिलाईल रोड, मुंबई
डिसेंबर १९५८

प्रिय कोंडीरामदादास,

धाकटा भाऊ भिवा याचा सप्रेम जयभीम. (पत्राच्या माथ्यावर पूर्वी आपण ‘श्री’ काढायचो. दीक्षा घेतल्यापासून तिथे काय काढावं हे मला कोणी सांगितलेलं नाही, आणि माथा मोकळा सोडला की पत्र बोडकं दिसतं. म्हणून जयभीमच जरा ठळक काढला आहे.) तुझी तब्येत, वहिनींचा गुडघा आणि भाताची झोडणी, तिन्ही ठीक असतील असं धरून चालतो. तू विचारलं आहेस की आबांनी अंथरूण धरलंय असं कानावर आलं, त्यात खरं किती? दादा, खरं तेच लिहितो, पण लांबण लागेल, कारण या खऱ्यात खोटं फार आहे.

दिवाळीनंतर आबांच्या छातीत एकदा जोराची कळ आली. डॉक्टरांनी नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि मला जिन्यात नेऊन सांगितलं की हृदय दमलंय, पडून राहू द्या, मनाला धक्का बसेल असं काही कानावर घालू नका. आता मुंबईतल्या म्हाताऱ्याच्या कानावर असं काही घालायचं नाही म्हणजे खिडकीच चिणून टाकायला हवी. पण आबा तसे घट्ट. धान्याचे भाव ऐकून त्यांना काही होत नाही. दिल्लीवाले अजून मुंबई महाराष्ट्राला देत नाहीत हे ऐकून ते ठेवणीतली एक शिवी देतात आणि उलट त्यांना जरा बरंच वाटतं. त्यांचं हृदय हळवं आहे ते एकाच जागी, आणि ती जागा म्हणजे क्रिकेट. नेमकी त्याच आठवड्यात वेस्ट इंडीजची टीम मुंबईत उतरली.

हे वेड कुठून आलं ते तुला ठाऊक आहे, तरी लिहितो, कारण ते लिहिताना मला छान वाटतं. मिसरूड फुटायच्या वयात आबा मैदानाच्या कडेला उभे राहून गोऱ्यांबरोबरच्या मॅची बघायचे. तिथे एक डावखुरा बोलर होता. जातीपायी त्याला चहासुद्धा निराळ्या भांड्यात मिळायचा. पण त्याच्या हातात चेंडू आला की समोरचा साहेब बॅट धरून घामाघूम व्हायचा. आबा सांगतात, तो धावत यायचा तेव्हा वारा लागलेल्या शिडासारखा यायचा आणि चेंडू असा वळायचा की जणू वाटेत त्याला कोणी हाक मारली. तेव्हापासून आबांच्या लेखी हा खेळ आपला. बाकीचं जग ज्याचं असेल त्याचं असो.

तर पहिल्या दिवशी सगळं सुरळीत झालं. आपल्या लोकांनी वेस्ट इंडीजला चांगलं दाबलं, मी पेपर वाचून दाखवला (आबांना वाचता येत नाही आणि हल्ली मोतीबिंदूमुळे धड दिसतही नाही), त्यांनी ऐकत ऐकत पेज संपवली. मग आपली बॅटिंग आली. कोपऱ्यावरच्या हॉटेलातल्या रेडिओसमोर मी उभा होतो. इंग्रजी मला कळत नाही, पण बोलणाऱ्याचा आवाज पडला की विकेट पडली एवढं कळतं. तो आवाज असा काही पडत गेला की मी थंड झालेला चहा तसाच ठेवून घरी आलो. आबा उशीवर कोपर टेकून वाट बघत होते. म्हणाले, “किती झाले?” दादा, मी तोंड उघडलं ते खरं सांगायलाच. पण त्यांचा हात छातीवर होता. मी म्हणालो, “आबा, धुलाई चालू आहे.” (कोणाची, ते मी बोललो नाही. त्या क्षणापर्यंत मी तसा प्रामाणिकच होतो.)

तिथून पुढे मी दुसरीच मॅच सुरू केली. खरी ब्रेबॉर्न स्टेडियमवर चालली होती आणि माझी गिरणीच्या साचेखात्यात. चारी बाजूंनी कापड विणणारे साचे धडधडत असतात, शेजारचा ओरडला तरी ऐकू येत नाही, कापसाची पिंजण उन्हाच्या तिरिपेत तरंगत असते, आणि त्या पांढऱ्या धुरळ्यात मला आपले बॅट्समन स्वच्छ दिसायला लागले. काय खेळायचे! घाई नाही, धडपड नाही, पाय असा पुढे टाकायचे जणू पाण्यात टाकतायत. त्यांचे ते दोन वेगवान बोलर, ज्यांच्या नुसत्या नावाने आपल्या लोकांची झोप उडाली होती, ते माझ्या मॅचमध्ये धावत यायचे, चेंडू टाकायचे आणि मग कमरेवर हात ठेवून चेंडू समुद्राकडे जाताना बघत राहायचे. सूत तुटलं तरी मला कळेना. खात्यावरचा मुकादम जॉबर दोनदा अंगावर आला. त्याला वाटलं, आजारी बापाच्या काळजीने पोराचं चित्त थाऱ्यावर नाही. संध्याकाळी भोंगा झाला की मी ती सगळी मॅच ओंजळीत पाणी आणावं तशी घरी आणायचो आणि पेपर उलगडून आबांपुढे ओतायचो.

भानगड झाली ती बाकीच्यांनी हात लावल्यामुळे. एका संध्याकाळी ज्याला मी आऊट करून बसवला होता, त्याला दुसऱ्या दुपारी कांताने चौकार मारायला लावले. आबा म्हणाले, “सूनबाई, गेलेला माणूस परत आला?” तर ही भाकरी थापता थापता म्हणते, “पाणी प्यायला गेले होते, मामंजी.” आणि आमच्या खात्यातला लवू, वेंगुर्ल्याकडचा, जीव लावणारा माणूस, पण हात सैल. तो आबांना बघायला आला आणि दारातूनच ओरडला, “आबानूं, आपल्या पोरांनी तेंका धुवन काढल्यानी!” एवढ्यावर थांबावं की नाही? पण त्याने बसल्या बसल्या इतक्या धावा वाढवल्या की दुसऱ्या दिवशी त्या खपवताना माझ्या तोंडाला फेस आला. प्रत्यक्षात तिकडे वेस्ट इंडीजवाले दुसऱ्यांदा बॅटिंगला येऊन आपल्या बोलरांची पिसं काढत होते.

पण दादा, आबांच्या चेहऱ्यावर रंग चढला. जेवायला मागू लागले. गॅलरीत येऊन खुर्चीवर बसले. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून स्कोर सांगू लागले, आणि अख्ख्या चाळीला आधीच सांगून ठेवलेलं असल्यामुळे लोक माना डोलवून पुढे जाऊ लागले. एकदा तर मला शंका आली की हॉटेलातला रेडिओच चुकतोय. आणि मग मंगळवारी संध्याकाळी आबांनी अंथरुणाची घडी केली, कोट खुंटीवरून काढून झटकला आणि म्हणाले, “उद्या शेवटचा दिवस. जन्मात आपण साहेबाला काय, दुसऱ्या कोणाला काय, असं नमवलेलं मी मैदानात बसून बघितलं नाही. मला घेऊन चल.”

मी डॉक्टरांकडे धावलो. ते म्हणाले, जाऊ दे, मन रमेल, फक्त धक्का नको. लवूने कुठूनशी दोन तिकिटं आणली. (हा माणूस नको तिथे नेहमी कामाला येतो.) मी खाडा केला, कांताने भाकरी आणि सुकटीची चटणी बांधून दिली आणि दारात मला हळूच म्हणाली, “आता खरं दिसणार हो त्यांना.” ट्राममध्ये आबा नव्या नवरदेवासारखे ताठ बसले होते. फाउंटनपाशी उतरलो तेव्हा त्यांनी टोपी काढली, गोळीबारात जिथे आपली माणसं पडली त्या बाजूला तोंड करून थोडा वेळ उभे राहिले आणि टोपी घालून पुढे चालू लागले. मीही उभा राहिलो. त्या वेळी, खरं सांगतो, माझ्या डोक्यात मॅच नव्हती.

आत गेलो. उन्हातला स्टँड, एवढी माणसं, आणि मधोमध ते हिरवं गवत. आबा म्हणाले, “धुक्यात बगळे उतरल्यासारखं दिसतंय रे.” त्यांच्या मोतीबिंदूचे मी मनातल्या मनात आभार मानले, कारण समोरचा फळा त्यांना दिसणार नव्हता. आपलीच बॅटिंग होती. जिंकायचं नाव नको, दिवसभर तग धरून मॅच वाचवली तरी खूप झालं, अशी गत. मी आबांना सांगितलं, पाहुणे काल लवकर गुंडाळले, आता थोड्याच धावा हव्यात. आबा खूश. पण आपला बॅट्समन प्रत्येक चेंडू नुसता अडवून पायाशी ठेवी. एक ओव्हर झाली, दुसरी झाली. आबा विचारात पडले आणि तेवढ्यात शेजारचे धोतर-कोटवाले गृहस्थ मोठ्याने सुस्कारा टाकून म्हणाले, “वाचलो तर नशीब म्हणायचं.”

मी आबांच्या पाठीमागून वाकून त्या गृहस्थांच्या कानात सगळं सांगितलं: छाती, डॉक्टर, माझी मॅच, सगळं. ते गिरगावातले शामराव, कुठल्याशा पेढीवर कारकून, हे मागाहून कळलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता हे पोलीस बोलावणार. मग ते आबांकडे वळून म्हणाले, “आजोबा, समजलं का तुम्हाला? मुद्दाम चाललंय. पाहुण्यांना दमवतायत.” आबांचा चेहरा उजळला. “तेच म्हणतो मी! एवढी लांबून आलेली माणसं, लगेच कशाला परत धाडायची!” आणि पुढचा चेंडू अडवला तेव्हा शामरावांनी टाळी वाजवली.

पुढचं मी नुसतं बघत राहिलो. शामरावांनी पुढच्याला सांगितलं, त्याने त्याच्या शेजाऱ्याला. कुजबुज बाकांवरून अशी गेली जसा गवतावरून वारा जातो. जेवणाच्या सुट्टीपर्यंत आमच्या रांगेतला प्रत्येक माणूस अडवलेल्या चेंडूला दाद देत होता. चहापर्यंत अर्धा स्टँड. पलीकडच्या लोकांना काही माहीत नव्हतं, पण एवढी माणसं खूश आहेत म्हणजे काहीतरी चांगलं घडत असेल म्हणून तेही सामील झाले. आणि दादा, गंमत बघ, टाळ्या पडू लागल्या तसा तो बॅट्समनही मला निराळा दिसायला लागला. चेंडू छातीवर येत होते आणि तो हलत नव्हता. ऊन तिरकं झालं, सावल्या गवतावर लांब पसरल्या, वारा समुद्राकडून यायला लागला, आणि माझी साचेखात्यातली मॅच आणि ही खरी, दोन्ही कुठे जोडल्या गेल्या ते मला कळलंच नाही. आबा अधूनमधून डोळे मिटून नुसता आवाज ऐकत होते. एकदा म्हणाले, “डावखुरा आहे का रे त्यांच्यात कोणी?” शामराव म्हणाले, “आपल्याकडे होता, आजोबा. आता तसे निघत नाहीत.”

संध्याकाळी मॅच सुटली. ड्रॉ. खेळाडू आत निघाले, लोक उठले. आबांनी माझं मनगट धरलं आणि विचारलं, “जिंकलो ना?” मी शामरावांकडे बघितलं. शामरावांनी छत्री काखेत मारली, आबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “आजोबा, आज आपल्याला कोणी हरवू शकलं नाही.” आबा उभे राहिले आणि सगळं मैदान रिकामं होईपर्यंत टाळ्या वाजवत राहिले. मागून कोणीतरी, बहुधा हौसेने, ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ अशी घोषणा दिली आणि तीही टाळ्यांत मिसळली. दारावरच्या हवालदाराला लाठी उगारावी की नाही ते ठरवता येईना. शेवटी तोही हसला.

तर आबांचं असं आहे. घरी येऊन दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि गाढ झोपले. काल डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले ठोका घड्याळासारखा पडतोय, काय औषध दिलंत? मी म्हणालो, ड्रॉ. त्यांना कळलं नाही. तू अजिबात काळजी करू नकोस. वहिनींना जयभीम, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
भिवा

ता. क. आबा आता कानपूरची टेस्ट बघायला जायचं म्हणतायत. मी सांगितलं, तिथे आपण आधीच जिंकल्यासारखे आहोत, गर्दी कशाला करायची? पटलेलं दिसतंय.

ता. क. २. लिहायचं राहिलं ते मुख्य. काल डॉक्टरांचं आबांना तपासून झाल्यावर सहज म्हणून त्यांनी माझाही हात बघितला आणि मलाच खाटेवर आडवं केलं. म्हणतात, रक्तदाब भयंकर चढलाय, डोळे तारवटलेत, या माणसाने महिनाभर गावच्या हवेत पडून राहावं, वर्तमानपत्र वाचू नये आणि कोणाशी जास्त बोलू नये. तरी पडवीत माझ्यासाठी एक खाट टाकून ठेव. मी या आठवड्याच्या बोटीने येतोय. सोबतीला आबा येतायत. माझ्या मनाला धक्का बसू नये म्हणून कानपूरचा स्कोर मला रोज ते सांगणार आहेत.