अण्णाकाकांचा हात

दुर्गाघाट, बुधवार, फेब्रुवारी १९९५

चूक माझीच. अण्णाकाका ब्याऐंशीचे, हल्ली आवाज बसलेला असतो. आज कित्येक दिवसांनी मोकळा लागला, म्हणून मी नवा व्हिडिओ कॅमेरा घेऊन त्यांचं वेदपठण टिपायला गेले. दहा मिनिटं म्हणत होते. घरी येऊन टेप लावली तर चटई, माझी चप्पल आणि जिन्याच्या पायऱ्या. काका कुठेच नाहीत!

वीस वर्षं फोटो काढतेय. बटण दाबलं की फोटो निघाला, विषय संपला. इथे एकदा दाबलं की सुरू, पुन्हा दाबलं की बंद. कॅमेरा ठेवताना बटण दाबलं जाऊन तो आधीच सुरू झाला असणार; काकांसमोर दाबलं तेव्हा मी तो बंदच केला, आणि निघताना दाबलं तेव्हा पुन्हा सुरू. सुरू असला की डोळा लावायच्या काचेत लाल दिवा लागतो, तो पाहायची सवयच नाही. पण कॅमेरा बनवणाऱ्यांना नावं ठेवून काय होणार?

बॅटरी संपली म्हणावं का, असं क्षणभर वाटलं. नाही. तशीच परत गेले आणि खरं सांगितलं.

काका हसले. "अगं, आमच्यात चुकलं की पुन्हा पहिल्यापासून म्हणवून घेतात. सकाळी ये. आवाजाचा काही भरोसा नाही हं."

आत्ता पन्नासदा बटण दाबून पाहिलं, दर वेळी लाल दिवा बघून. सकाळी जाणारच. आवाज नाही लागला तरी पठणातला स्वर जसा चढतो-उतरतो, तसा त्यांचा हात वर-खाली होतोच. शिकणाऱ्याला तेवढंही पुरेल. माझ्या सगळ्या फोटोंत तो हात थांबलेला आहे.