मनुकांचं पाणी

तळोदा, रविवार संध्याकाळ, जानेवारी १९३५

हातांना अजून मनुकांचा वास आहे. चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या प्याल्यासाठी काल मीच त्या भिजवल्या, कुस्करल्या, गाळल्या. आणि आज ह्यांनी तोच प्याला दाऊद सुतार आणि याकोब, दोघांच्या पुढून तसाच नेला, घोटही न देता. पाळक ना हे, मंडळीच्या पंचांचं ऐकणारच!

दोघांनी लग्नं केली नाहीत, कित्येक वर्षं एका घरात राहतात. पंच म्हणाले, हे पाप आहे, वेगळे व्हा. दाऊद एवढंच म्हणाला, "मन्हं घर म्हनजे याकोब शे."

याकोब तापाने फणफणला होता तेव्हा दाऊद उशापासून हलला नव्हता. तेव्हा ह्याच पंचांना त्याचं केवढं कौतुक! आता त्याच मायेचं पाप कसं झालं? जेवताना ह्यांना विचारलं. "शास्त्रात लिहिलंय," म्हणाले, आणि अर्ध्या ताटावरून उठले. म्हणजे ह्यांनाही टोचतंय?

आत्ताच दाऊद दारात येऊन गेला. बाजारातून मनुका दर महिन्याला तोच आणतो. खाली बघत म्हणाला, "बाई, फुढला महिनाना मनुका लई येऊ ना?"

मी म्हणाले, आण. तेव्हाही प्याला त्याच्यापुढे थांबणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. तरी आणणार आहे, मेला.