एनिडशिवाय चालू होणारी गाडी

प्रिय एनिड,

तुझं पत्र पोचलं आणि मधाची बाटलीही पोचली (फुटली नव्हती, पण झाकण सैल होतं, त्यामुळे पत्र आधी चाटावं लागलं आणि मग वाचावं लागलं). गुडघा कसा आहे तुझा? टास्मानियाच्या थंडीत तो कुरकुरणार हे मी तुला लग्नाच्या आधीच सांगितलं होतं, पण साठी उलटल्यावर प्रेमात पडलेल्या बहिणीपुढे गुडघ्याचं नाव कोण काढणार! ॲलस्टरला नमस्कार सांग. त्याच्या मधमाश्यांनाही सांग. त्यातली एक मला तुमच्या लग्नात डसली होती, तिच्याबद्दल माझ्या मनात काही नाही म्हणावं. इकडे मी, टिंकर आणि कोंबड्या खुशाल आहोत. पाऊस वेळेवर झाला, गहू निसवायला लागलाय, आणि टिंकर आता कुत्रा असूनही घरात झोपतो. तू असतीस तर झोपला नसता, पण तू नाहीस.

तू लिहिलंस की सगळं विकून टाक आणि आमच्याकडे ये, मागच्या खोलीतून समुद्र दिसतो. समुद्राचं मी काय करू? त्यात काही पेरता येत नाही. आणि 'तुझं एकट्याचं कसं चालत असेल' असं जे तू तीनदा लिहिलंस, त्याचं उत्तर असं की उत्तम चालतंय. मला कशाचीही उणीव नाही. पुरावा म्हणून आपल्या यूटची, त्या मागे उघडा हौदा असलेल्या म्हाताऱ्या गाडीची, हकीकत सविस्तर लिहितो. (फोनवर सांगितली असती, पण फोन ॲलस्टर उचलतो, आणि उचलला की आधी मधमाश्यांच्या पोळ्यांची तब्येत सांगतो.) मावीस क्रूगरने तुला फोन करून काही सांगितलंच असेल, तर ती अर्धी गोष्ट आहे असं समज. उरलेली अर्धी ही.

तुला यूटचं कुलूप आठवतंच. झिजून झिजून त्यात चावी अशी फिरायची जशी वाडग्यात चमचा फिरतो, आणि गाडी ढिम्म. पण आपण कधी मनावर घेतलं नाही, कारण तू होतीस. मी स्टेअरिंगवर बसायचो, तू बाजूला, टिंकर मागे हौद्यात. मी 'चला' म्हणायचो, तू बाजूच्या सीटवरून हात घालून चावी जराशी बाहेर ओढायचीस, आणि म्हणायचीस, "चल गं म्हातारे, घरी जायचंय." घरून निघतानाही तू हेच म्हणायचीस. मी किती वेळा सांगितलं की अगं, आपण घरूनच निघालोय. पण गाडी चालू व्हायची, त्यामुळे माझ्या म्हणण्याला वजन राहायचं नाही.

तू बोटीत बसून गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी मी चावी फिरवली. काही नाही. तेल घातलं, पेन्सिलीचं शिसं किसून घातलं, पक्कड लावली. मग मी तिला जे बोललो ते पत्रात लिहिण्यासारखं नाही, आणि त्याचाही उपयोग झाला नाही. शेवटी मी ट्रॅक्टरवर बसून गावात जायला लागलो. ब्रेड आणायला ट्रॅक्टर, पोस्टात ट्रॅक्टर, रविवारी चर्चलाही ट्रॅक्टर. पाद्रीबुवा मला दारातच म्हणाले की मर्व, एवढी मोठी पापं घेऊन येतोस का रे, की ट्रॅक्टर लागतो? लोक हसले. मीही हसलो. मला बरं वाटलं नाही. गॅरेजवाल्या कर्लीने (नाव कुरळ्या, पण अजूनही तेवढाच टकला आहे) सांगितलं की गाडी गॅरेजला आण, तासाभरात नवं कुलूप बसवून देतो. म्हटलं, बाबा रे, आणता आली असती तर आणली कशाला असती?

म्हणून मी ठरवलं की कुलूपच नको. बटण बसवायचं. आजकाल शहरातल्या गाड्यांना बटणच असतं, दाबलं की झालं, बायकोची गरज नाही, बहिणीची गरज नाही. जुन्या पंपाचा खटका शेडमध्ये पडला होता, तो डॅशबोर्डावर बसवला. तो वर केला की गाडीत वीज येते आणि रेडिओही लागतो. राहिलं बटण. नवं बटण बसवायचं म्हणजे भोक पाडा, वायर ओढा. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की स्टेअरिंगच्या मधोमध आपलं हॉर्नचं बटण आयतं आहे, त्याची वायर आयती आहे, आणि हॉर्न तर कित्येक वर्षांपूर्वी मेलेला. ती वायर मी स्टार्टरला जोडली. एनिड, मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू! खटका वर केला, हॉर्न दाबला, आणि गाडी पहिल्या फटक्यात चालू. जुनं कुलूप मी चावीसकट तुझ्या चहाच्या कपात ठेवलं, तो निळा, कान तुटलेला. टाकवलं नाही.

मग शेताला एक चक्कर मारली. टिंकर आता पुढे बसतो, तुझ्या जागी. फाटकापाशी गाडी बंद केली, फाटक उघडलं, परत येऊन बसलो आणि सवयीने म्हणालो, 'चला'. आणि थांबलो. डावीकडून हात येईल म्हणून थांबलो होतो. टिंकर माझ्याकडे बघत होता. खरं सांगतो, गाडी इतकी सहज चालू व्हायला लागल्यापासून मला चैन पडेना. ती चालू होत नव्हती तोवर निदान ती तुझी वाट बघत होती असं तरी म्हणता येत होतं. असो. हे मी लिहिणार नव्हतो, पण शाईने लिहिलंय, आता राहू दे.

आता मुख्य गोष्ट. गेल्या शनिवारी आपल्या मैदानावर शेजारच्या कुलार गावाशी फूटीची, म्हणजे आपल्या इकडच्या फुटबॉलची, उपांत्य लढत होती. मी लवकर जाऊन आपली जागा पकडली, गोलाच्या डावीकडची, कुंपणाला गाडीचं नाक लावून. दोन्ही बाजूंना गाड्याच गाड्या, आपलं सगळं याराबिन गाव आलेलं. हँडब्रेक आपल्या बाबांच्या वेळेपासूनच नाही, म्हणून नेहमीसारखी गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवली. हवामानाच्या बातम्या ऐकायच्या होत्या म्हणून खटका वर. डाव्या हातात मावीसच्या कँटीनची मटणाची पाई, मैद्याच्या पारीत मटण भरून भाजलेली, वरून सॉस, चटका बसेल इतकी गरम. (तू केलेल्या पाईची सर तिला नाही. मावीसला सांगू नकोस.) इथवर माझं काय चुकलं ते सांग.

सामन्याच्या शेवटच्या पाव भागात आपण मागे होतो. पोस्टातल्या हेदरचा थोरला, तो लांबटांग्या, त्याने असा काही लांबून चेंडू मारला की चेंडू वरून फिरत फिरत बरोबर दोन खांबांच्या मधून गेला. गोल! आणि सगळ्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. तुला माहीत आहे आपलं काय असायचं ते. आपला हॉर्न मेलेला, तरी गोल झाला की मी तो दाबायचो, आणि तू खिडकीतून डोकं बाहेर काढून तोंडाने 'पॉऽऽऽ' करायचीस. शेजारच्या गाड्यांपेक्षा मोठा. बाकीचे लोक गोल बघायला यायचे, मी त्या 'पॉऽऽ'साठी यायचो. तेव्हा गोल झाला आणि माझा हात आपोआप गेला. हॉर्न दाबला आणि डावीकडे तुझ्याकडे बघितलं.

तिथे टिंकर होता, आणि तो भुंकला, आणि गाडी कुंपणातून आत गेली.

माझ्या लक्षातच येईना काय झालं. आपण गोल झाल्यावर हॉर्न चांगला लांब दाबतो, त्यामुळे मी दाबूनच धरलेला. पाई मांडीवर सांडली, सॉस विजारीत गेला, म्हणून मी दोन्ही तंगड्या वर घेतल्या, म्हणजे ब्रेक आणि क्लच दोन्ही खाली राहिले आणि मी वर. गाडी आपली चालत्या माणसाच्या वेगाने मैदानाच्या मध्याकडे निघाली. खेळाडू बाजूने चालत मला काहीतरी सांगत होते. पंचाने शिट्टी मारली, परत मारली, मग शिट्टी काढून शिव्या दिल्या. मधल्या वर्तुळात पोचल्यावर मला खटका आठवला आणि मी तो खाली पाडला. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. मग समोरच्या बाजूला कुलारवाल्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी हॉर्न वाजले, तेही कुलारच्या लोकांनी वाजवले. सामना मात्र आपण जिंकलो, थोडक्यात. आता अंतिम सामना आपल्याच मैदानावर आहे, येत्या शनिवारच्या पुढच्या शनिवारी.

दोन्ही संघांनी मिळून गाडी ढकलत कँटीनच्या मागे नेली. मावीस आता क्लबची अध्यक्ष आहे (तू गेलीस आणि तिला रान मोकळं मिळालं), तिने सगळ्यांदेखत निकाल दिला की जुनं कुलूप परत बसेपर्यंत ही गाडी इथून हलायची नाही, आणि बटणासकट पुन्हा मैदानात दिसली तर ती हिच्यात कोंबड्या पाळेल. मी दुसऱ्याच दिवशी तुझ्या कपातलं कुलूप नेऊन बसवलं, बटणाची वायर कापली. आणि चावी फिरवली. काही नाही. वाडग्यात चमचा.

चावी रीतीप्रमाणे गाडीतच ठेवली, त्यामुळे येणारा जाणारा एकदा फिरवून बघतो. कर्ली बसून गेला. पाद्रीबुवा बसले, त्यांनी डोळे मिटून प्रयत्न केला. पंचसुद्धा येऊन बसला. मावीसने केसातली पिन काढून आत घातली आणि पिन वाकडी करून बाहेर आली. एकेक जण स्टेअरिंगवर बसतो, चावी फिरवतो, उतरतो, आणि उतरताना एकच म्हणतो की एनिड असती तर. मी नाही म्हणत. गाव म्हणतं.

तर सांगायचा मुद्दा, माझं उत्तम चाललंय. शेत विकणार नाही, समुद्राची खोली दुसऱ्या कोणाला द्या. काळजी करू नकोस, गुडघ्याला ऊब दे, आणि मधाचं झाकण पुढच्या वेळी ॲलस्टरकडून लावून घे.

तुझा भाऊ,
मर्व

ता. क. अंतिम सामन्याच्या दिवशी कँटीनचा तंबू नेमका यूट उभी आहे तिथेच लागतो. तेव्हा ती हलायला हवी, आणि ती कोणाकडून हलणार हे गावाने ठरवलंय. बोटीची चौकशी कर. ॲलस्टर आला तरी चालेल. त्याला म्हणावं, मधमाश्यांची पोळी तिथेच ठेव.

ता. क. दुसरा. कर्ली म्हणतो की नवं कुलूप तो तिथे येऊनही तासाभरात बसवेल. मी त्याला म्हटलं, घाई नाही.

ता. क. तिसरा. हे पाकीट बंद करणार होतो, पण राहवत नाही. काल संध्याकाळी मी मैदानावर गेलो, तिथे कोणी नव्हतं. टिंकरला स्टेअरिंगमागे बसवलं आणि मी तुझ्या जागी बसलो, नुसतं बसायला म्हणून. कसं वाटायचं तुला तिथून ते बघायला. मग तिथून हात घातला, चावी जराशी बाहेर ओढली, आणि म्हणालो, "चल गं म्हातारे, घरी जायचंय." पहिल्या फटक्यात चालू झाली. आम्ही सगळे वेडे इतके दिवस चुकीच्या बाजूने बसत होतो. मी थोडा वेळ तशीच चालू ठेवली. मग बंद केली, आणि चावी काढून खिशात घातली. त्या गाडीची चावी आजवर कधी कोणी काढली नव्हती. मावीसला सांगू नकोस. तू ये.