शांत पाण्याचा पट्टा

प्रिय अप्पा,

मी भित्री आहे का हो? पदवीच्या सगळ्या परीक्षा दिल्या, पण या एका प्रश्नाचं उत्तर मला लिहिता येत नाही. अक्षर मुद्दाम मोठं काढतेय, म्हणजे जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या पायरीवर बसून तुम्हाला सावकाश वाचता येईल. आधी एवढं वाचा: मी धडधाकट आहे. गुडघे तेवढे सोलवटलेत.

इथं समुद्रकाठी सगळं ओलसर आहे. उशी ओली, टॉवेल ओला, काडीपेटी पेटत नाही. खोली लहान, पण आख्खी माझी एकटीची! आपल्याकडे कूस बदलायची तरी धाकटीला विचारावं लागतं, आणि इथं पलंगावर आडवी-तिडवी झोपले तरी कुणी लाथ मारत नाही. पहिल्या दिवशी याचंच हसू येत होतं. खाली मालकीणबाई राहतात. त्यांनी चहा देताना चौकशी केली, 'एकटीच गं? घरच्यांनी सोडलं?' मी भोळसटासारखं सगळं सांगून बसले. मी एकटीनं फिरायला येण्याला आत्याचा विरोध, तुम्ही तिच्याशी घातलेला वाद, आणि तिची अट: ही धड परत आली तर धाकटी शहरात शिकायला जाईल, काही वेडंवाकडं झालं तर तीही घरात बसेल. मालकीणबाई म्हणाल्या, 'तुझे वडील देवमाणूस दिसतात.' मी फुगले.

काल सकाळी किनाऱ्यावर गेले. दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या आणि मधला पट्टा मात्र गुळगुळीत, इस्त्री फिरवल्यासारखा. तिथंच मालकीणबाईंच्या खुर्च्या, छत्र्या, आणि रंगवलेली पाटी: 'लहान मुलांनीही निर्धास्त डुंबावे'. अप्पा, तुम्ही मला बोट धरून गावभर पाट्या वाचायला लावायचात. आपल्या घरात छापलेलं, रंगवलेलं काही खोटं असू शकतं, हे आपल्याला कधी सुचलंच नाही. मी पाटी वाचली आणि पाण्यात शिरले.

पाणी कोमट होतं. कमरेपर्यंत गेले तेव्हा पायाखालची वाळू सरकली. लाट आली नाही, कुणी ढकललं नाही. पाणी नुसतं निघालं आणि मला घेऊन निघालं. मी किनाऱ्याकडे तोंड करून हातपाय मारत होते आणि किनारा लांब लांब जात होता. ओरडायला तोंड उघडलं की खारं पाणी आत. हात वर केला, तर खुर्च्यांवरची माणसं हसून मला हात हलवून दाखवायला लागली. त्यांना वाटलं, मी मजेत आहे. अप्पा, सगळ्यांत जास्त मी त्या हसण्याला घाबरले. शेवटी दम संपला, हात थांबले, आणि पाण्यानं मला कुठल्या कुठं कडेला नेऊन टाकलं. तिथल्या लाटेनं उचलून खडकावर आपटलं, म्हणून वाचले. यात माझी हुशारी काही नाही.

खोलीत येऊन दाराला कडी लावली आणि वर खुर्चीही लावली, जणू समुद्र जिना चढून येणार होता. अंघोळीचा तांब्या डोक्यावर ओतवेना. डोळे मिटले की पायाखालची वाळू पुन्हा सरकत होती. मग फोनवर शोधून वाचलं. लाटांनी आणलेलं पाणी परत जायला एक वाट धरतं, आणि तिथं लाटा फारशा फुटत नाहीत म्हणून ती शांत दिसते. म्हणजे तिथल्या सगळ्यांत वाईट जागी पाटी लावली होती.

मालकीणबाईंना सांगितलं. आधी त्यांनी मायेनं गुडघ्याला औषध लावलं. म्हणाल्या, 'समुद्र म्हणजे काय बालदी आहे का गं? जरा ओढ असायचीच.' मी पाटी काढा म्हटलं, तशी बाटलीचं झाकण घट्ट लावत म्हणाल्या, 'आत्ता कुठं गिऱ्हाईक यायला लागलंय. आणि तुझ्या आत्याला कळलं तर? धाकटीचा तरी विचार कर, बाळ.' आवाज अगदी गोड होता.

शेजारच्या खोलीत एक कुटुंब उतरलंय. दोन मुली, पोहायची रबरी चाकं आत्तापासूनच कमरेत. त्यांच्या आईला सांगायला गेले तर ती म्हणाली, 'अहो, पाटी आहे की तिथं!' तिचं तरी काय चुकलं? मीही तेच केलं होतं. त्या मुली जिन्यात चाकांसकट अडकून खिदळत होत्या, आणि मला धाकटीचं हसू ऐकू येत होतं.

म्हणून आज सकाळी पालिकेच्या कार्यालयात गेले. तिथले साहेब कंटाळून म्हणाले, 'पर्यटक बोलतात आणि गाडी पकडून जातात. तक्रार घेतो, पण घरचा नंबर द्या. सोमवारी फोन करून खात्री करू.' तक्रार घेतल्याशिवाय पाटी काढायला माणूस पाठवणार नव्हते. आता तुमच्या लक्षात आलं असेल, मी फोन न करता कुरिअरनं पत्र का पाठवतेय. कारखान्यातल्या यंत्रमागांच्या खडखडाटात तुमचे कान गेले तेव्हापासून आपला फोन स्पीकरवरच असतो, आणि उचलते आत्या. सोमवारी ते साहेब जे बोलतील ते सगळं घर ऐकेल. त्याआधी तुम्हाला माझ्याकडून कळायला हवं होतं, आणि धाकटीला तुमच्याकडून. नंबर लिहिताना एक आकडा चुकवावा असं मनात आलं. कुणाला कळलंही नसतं. पेन थोडा वेळ तसंच धरून ठेवलं, आणि मग मी आपल्या घरचा नंबर बरोबर लिहिला.

अजून घाबरलेली, पण तुमचीच,
थोरली