मुलाखतीला येणार का?

१२ जून, गुरुवार

प्रिय खारूताई,

अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा. धपाटा कशाबद्दल ते पुढे येईल, आधी घरचं सांगते.

इकडे सगळं ठीक. बाबांचा गुडघा दळण आणायला जाताना दुखतो आणि पत्ते खेळायला जाताना दुखत नाही. स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळतोय. अख्ख्या शहराच्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत मी तक्रारींचे फोन घेते, पण स्वतःच्या घरच्या नळाला माणूस मिळत नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

हे पत्र ऑफिसातच लिहितेय, दोन फोनांच्या मध्ये, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. तुमच्या हॉस्टेलची लिफ्ट बंद पडलीय म्हणून आपले थोरले मिस्त्री दुपारी तिकडे येणार आहेत. त्यांच्या हातीच देते. फोन तू उचलत नाहीस. आणि मेल करायचा तर

थांब हं, फोन.

आले. एका इमारतीत दोन आजोबा लिफ्टमध्ये अडकलेत. आत अंधार, आणि दोघांचं भांडण कशावरून, तर चूक कोणाच्या बोटाची यावरून! मी म्हटलं, "काका, आधी बाहेर या, मग पंचायत बसवू."

तर मुद्द्याचं. मी कॉम्प्युटर सायन्सला अर्ज केलाय. तुमच्याच विभागात, नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळचे वर्ग असतात ना, त्याला. हसायचं असेल तर हसून घे. मीही आरशात बघून हसले.

त्याचं असं झालं, की आमच्याकडे तो नवा प्रोग्राम बसवला. कुठल्या तक्रारीला कोणत्या मिस्त्रीने जायचं ते तोच ठरवतो. पत्ता जवळ असला की झालं! माणूस आत अडकलेला असतो आणि हा शहाणा मिस्त्रीला बल्ब बदलायला पाठवतो. मी ओरडले, तर साहेब म्हणाले, "बाई, ते आतून तसंच असतं." आतून म्हणजे कसं? ते बघितल्याशिवाय मला चैन पडेना. तुझं पहिल्या वर्षाचं पुस्तक घरी पडलं होतं. ते वाचून मी स्वतः एक छोटा प्रोग्राम लिहिला. त्याने एकाच मिस्त्रीला एकाच लिफ्टकडे पाठवलं, मग पुन्हा पाठवलं, थांबेचना मेला. पण अगं, चूक सापडली तेव्हा मी एकटीच स्वयंपाकघरात टाळ्या वाजवल्या. या वयात असं काही होईल असं वाटलं नव्हतं मला.

पण हे सगळं मी तुला नव्याने सांगतेय असं का दाखवतेय? तुला माहीत आहे.

आपल्या घराला मेलचा पत्ता एकच, तूच काढून दिलेला. वीजबिल त्याच्यावर, बाबांची औषधं त्याच्यावर, तुझ्या फीच्या पावत्या त्याच्यावर, पासवर्ड तिघांनाही तोंडपाठ. मी अर्जावर तोच पत्ता दिला. आणि मग वाट बघत बसले. मुलाखतीचं बोलावणं येईना. भांडी घासताना हात पुसून फोन बघ, ऑफिसात फोन घेता घेता मेल बघ. एका मिस्त्रीला मी चक्क चुकीचा मजला सांगितला. शेवटी विभागात फोन लावला. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "तुम्ही तर येणार नाही म्हणून कळवलंय."

मी घरी जाऊन बाबांवर तुटून पडले. बिचारे बघतच राहिले. "मी कशाला कळवू? मला मेल पुसतासुद्धा येत नाही," म्हणाले. खरंच आहे, ते तर चपलांच्या जाहिरातीही जपून ठेवतात. मग मी मेलची कचरापेटी उघडली. बोलावणं तिथे होतं, खाली 'होय' आणि 'नाही' अशी दोन बटणं.

माझा तिळपापड झाला, खोटं कशाला सांगू. वाटलं, पोरीला आईची लाज वाटते. वर्गाबाहेर आई डबा हातात घेऊन उभी दिसेल म्हणून हिने परस्पर 'नाही' दाबलं. मनात तुला इतकं बोलले की ते कागदावर उतरवलं तर मिस्त्रींना दुसरी पिशवी घ्यावी लागेल.

मंगळवारी अर्धी रजा टाकून विभागात गेले, हातापाया पडायला. चौकशीच्या खिडकीवर एक झिपरी मुलगी होती, तुमच्याच वर्षाची. मला मिरवायची हौस. म्हटलं, माझी लेक इथेच शिकते, आणि तुझं नाव सांगितलं. तिचा चेहरा उजळला. म्हणाली, "काकू, ती बरी आहे ना? पहिल्या परीक्षेनंतर वर्गात आलीच नाही. आम्हाला वाटलं घरी गेली."

मी म्हटलं, "बरी आहे."

बाहेर येऊन पायऱ्यांवर बसले, उठले, पुन्हा बसले. दर रविवारी तू सांगायचीस, आज हे सर असं म्हणाले, प्रॅक्टिकल लांबलं, डोळे दुखतात. मी ते शेजारच्या काकूंना जाऊन सांगायचे. म्हणजे एवढे महिने तू खोलीत बसून माझ्यासाठी कॉलेज रचत होतीस? एकटी? जेवत होतीस ना गं नीट?

'नाही' तू का दाबलंस ते मला त्या पायऱ्यांवर कळलं. राग कुठे गेला कोण जाणे. बाबांना काही सांगितलेलं नाही. तुला अभ्यास झेपला नाही, की आवडला नाही, की आणखी काही झालं, मला माहीत नाही. ते तू तुझ्या तोंडाने सांग. शिकायचं नसेल तर नको शिकूस. घरी ये. पण आमच्यापासून लपून राहू नकोस.

विभागातल्या मॅडम भल्या निघाल्या. सोमवारची वेळ देते म्हणाल्या. मेल आलाय. त्यात तेच विचारलंय, मुलाखतीला येणार का, आणि शनिवार संध्याकाळपर्यंत उत्तर मागितलंय. मी उत्तर दिलेलं नाही. पासवर्डही बदललेला नाही.

मला हा प्रवेश हवाय, खारू. खूप हवाय, लाज सोडून सांगते. पण तू मला टाळण्यासाठी रस्ता बदलतेयस आणि मी तुमच्या त्या वर्गात पाटी-पेन्सिल घेऊन बसलेय, असं मला जमणार नाही. म्हणून 'होय' तू दाब. शनिवार उलटला तर मी पुन्हा विनवायला जाणार नाही, आणि तुला त्याबद्दल कधी बोलून दाखवणार नाही. ही धमकी नाही, माझा स्वभाव तुला माहीत आहे.

मिस्त्री निघालेत, चपला घालून दारात उभे आहेत. धपाटा राहिला. तो समोर आलीस की.

शनिवारी दिवसभर फोन हातात धरून बसणार असलेली,
तुझी आई